बापाचं पान

थोरली बावीस वर्षं एकाच खुर्चीत बसून दुसऱ्यांचे गुन्हे टाइप करत होती.

न्यायालयाच्या मागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, मानसतज्ज्ञांचं कार्यालय होतं. आरोपीला तिथं आणून बसवायचे. डॉक्टर दोन-तीन दिवस त्याच्याशी बोलायचे, मग त्याच्या घरच्यांशी, आणि शेवटी सगळा अहवाल टेपवर सांगायचे. कानाला हेडफोन लावून थोरली तो उतरवून काढायची. या माणसानं हे का केलं, याचं उत्तर आठ-दहा पानांत बसवायचं असे.

शिक्षण म्हणाल तर शाळा आणि टायपिंगचा वर्ग, एवढंच. पण बावीस वर्षांत त्या शास्त्रातलं तिला कळायचं फारसं काही उरलं नव्हतं. लहानपणी मार खाल्लेलं मूल मोठेपणी हात उगारतं. डोळ्यांनी जे पाहिलं ते हात शिकतात. सारखं अडवलं गेलेलं माणूस कधीतरी कुणाच्या तरी अंगावर जातं, आणि ज्यानं अडवलं त्याच्याच अंगावर जाईल असं नाही. काहींच्या डोक्यातला ब्रेकच जन्मतः ढिला असतो. डॉक्टर हे जड शब्दांत सांगत, ती मनातल्या मनात सोपं करून घेई. नेहमी लागणारे परिच्छेद तिनं संगणकात तयार करून ठेवले होते. टेपवर डॉक्टर "बालपण नेहमीचं" म्हणाले की ती दोन कळा दाबायची आणि अर्धं पान आपोआप उमटायचं.

तिसऱ्या पानावर आरोपीच्या वडिलांची माहिती असे. त्याला ती आणि डॉक्टर 'बापाचं पान' म्हणत.

"बापाचं पान झालं का?" डॉक्टर दारातून डोकावून विचारायचे.

"झालं. बाप नेहमीसारखाच आहे."

आणि दोघं हसायचे. हसण्यासारखं त्यात काही नाही, हे दोघांनाही कळत होतं. पण रोज रोज रडणार कोण?

एका मंगळवारी दुपारी ती जेवणाचा डबा धुऊन जागेवर येत होती, तेव्हा डॉक्टर तिच्या टेबलापाशी उभे होते. एरवी ते केबिनमधूनच हाक मारत.

"तुमची बहीण रंगाच्या दुकानात काम करते ना?"

"हो."

"खालून फोन होता. दुकानाला आग लागली."

"चिमीला काही झालं?"

"त्यांना काही झालेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "त्यांनीच लावली म्हणतात. त्यांनी स्वतःच पोलिसांना सांगितलंय."

थोरलीला काही वाटलं नाही. वाटेल म्हणून तिनं थोडा वेळ वाट पाहिली. मग डबा पिशवीत ठेवला, संगणक बंद केला आणि विचारलं, "अर्धा दिवस रजा टाकू की पूर्ण?"

चिमी म्हणजे तिची धाकटी बहीण. वय चव्वेचाळीस, पण घरात अजून चिमीच. लग्न केलं नाही, करायचं नाही असंही कधी म्हणाली नाही. अकरा वर्षं ती त्या रंगाच्या दुकानात होती. गिऱ्हाईक भिंतीचा पोपडा कागदात गुंडाळून आणायचं आणि ही पांढऱ्या रंगात थेंब थेंब टाकून हुबेहूब तोच रंग काढून द्यायची. तिच्या हातचा रंग वाळल्यावर फसत नाही, असं मालक सगळ्यांना सांगायचा. मालक भला माणूस होता. आई गेली तेव्हा तो स्वतः येऊन, चपला काढून, तासभर गप्प बसून गेला होता. त्याला एकच सवय होती, दुपारी जेवण झालं की दुकानाच्या माळ्यावर जाऊन तासभर पाठ टेकायची.

त्या मंगळवारीही तो माळ्यावरच होता. लोकांनी त्याला बाहेर काढलं खरं, पण नवव्या दिवशी दवाखान्यातच त्याचा जीव गेला.

चिमी बाबांबरोबर राहायची. बाबा चौऱ्याऐंशी वर्षांचे. उभा जन्म त्यांनी चष्म्याची भिंगं घासली. एवढंसं भिंग बोटांच्या टोकावर धरून तासन् तास फिरवत राहायचं, जोर जरा जास्त झाला की तडा. तसं काम केलेला माणूस घरातही तसाच वागायचा. पेलासुद्धा टेबलावर ठेवताना आवाज होऊ देत नसे. आता त्यांना एकटं ठेवणं शक्य नव्हतं. थोरलीचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगी दुसऱ्या शहरात नांदत होती, म्हणजे घरात जागाच जागा. तिनं बाबांचे कपडे, औषधं आणि ट्रान्झिस्टर दोन पिशव्यांत भरून त्यांना आपल्याकडे आणलं.

बाबांनी पहिल्या दिवशी एकच विचारलं. "तिला खायला देतात ना वेळेवर?"

"देतात."

"मग ठीक."

पहिली भेट मिळाली ती पंधरा दिवसांनी. मध्ये टेबल, भिंतीशी एक पहारेकरीण, वर पंखा. चिमी नेहमीसारखीच दिसत होती. नखांच्या कडेला निळा रंग अजून होता.

"ताई, बाबांच्या डोळ्यांत दोनदा थेंब घालायचे असतात."

"घालते."

"सकाळचा ते घालून घेतात. संध्याकाळी झाला म्हणून थाप मारतात."

"बरं." थोरलीनं दोन्ही हात टेबलावर ठेवले. "चिमे, का केलंस?"

चिमीनं तिच्याकडे आश्चर्यानं पाहिलं. "मला वाटलं, तू तरी मला सांगशील. तू रोज हेच टाइप करतेस."

पहारेकरणीनं घड्याळाकडे पाहिलं. चिमी हळू आवाजात बोलू लागली, एखादी रंगाची कृती सांगावी तशी.

"चहासाठी शेगडी पेटवली. काडी विझवायची होती. मी तिच्याकडे बघत राहिले. शेजारी थिनरच्या चिंध्यांचा डबा होता. मनात आलं, टाकली तर? आणि टाकली. त्याच्या आधी काही नव्हतं गं. राग नव्हता, भांडण नव्हतं. शोधलंस तरी सापडणार नाही. मी शोधून बसलेय."

"मालक वर होते."

"हो."

"तुझ्या लक्षात आलं नाही?"

"आलं ना. बाहेर जाऊन समोरच्या बाकावर बसले. ओरडायला हवं होतं. आता ओरडू, आता ओरडू, म्हणत बसून राहिले." चिमीनं नखाची कड खरवडली. "मग दुसरंच कुणीतरी ओरडलं."

घरी परत येताना थोरलीनं दुकानातून साबण घेतला, दूध घेतलं, लिफ्टमध्ये शेजारीण भेटली तिच्याशी पाण्याच्या टाकीबद्दल बोलली. मालक दुपारी माळ्यावर झोपतो हे चिमीनं तिलाही कित्येकदा फोनवर हसत हसत सांगितलं होतं. "ताई, हळू बोल, वर घोरणं सुरू आहे." ते वाक्य तिच्या डोक्यात दिवसभर फिरत राहिलं, पण त्यानं दुखलं मात्र कुठंच नाही. आपलं अंग कुणीतरी कापसात गुंडाळून ठेवलंय आणि आतलं माणूस बाहेर गेलंय, असं तिला झालं होतं.

चिमीची वकीलबाई घरी आली ती एका शनिवारी सकाळी. चुणचुणीत, भरभर बोलणारी. चहा हातात घेतला, पण प्यायचा विसरली.

"तुमच्या कार्यालयाचा संबंध येतो म्हणून अहवाल बाहेरच्या डॉक्टरीणबाई करणार आहेत. त्या घरच्यांना भेटतील. तुम्हाला मी काय सांगणार, तुम्हाला सगळं पाठ आहे. पण एक लक्षात घ्या. बहीण म्हणतेय की कारण नाही. कारण नसेल तर न्यायाधीश आपल्या मनानं कारण धरतात, आणि ते सगळ्यांत वाईट धरतात. थंड डोक्यानं केलं, असं. लहानपणी काही झालं होतं का? मारहाण? दारू? कुणी कोंडून वगैरे ठेवायचं?"

"नाही," थोरली म्हणाली. "आमचं घर चांगलं होतं."

"थोडंसंही नाही?"

"नाही."

वकीलबाईनं असा सुस्कारा सोडला, जणू चांगलं घर ही या कुटुंबाची मोठीच चूक झाली होती.

ती गेल्यावर थोरली कपबशा उचलू लागली. बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत होते. ते झोपले आहेत असं तिला वाटलं होतं.

"मी मारायचो म्हणून सांग," बाबा म्हणाले.

"काय?"

"मी मारायचो. दोघींना. असं सांगितलं तर तिची शिक्षा कमी होते ना?"

"बाबा, तुम्ही आम्हाला साधं ओरडलासुद्धा नाहीत."

"ते त्यांना काय माहीत?" बाबांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला. "माझं आता काय वाईट होणार आहे? लोक चार दिवस बोलतील. त्यात मला कमी ऐकू येतं."

थोरलीनं नको म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही. कपबशा धुतल्या, पुसल्या, जागच्या जागी ठेवल्या.

डॉक्टरीणबाई पुढच्या आठवड्यात दुपारी आल्या. तरुण, शांत आवाजाच्या, बूट दाराबाहेर काढून आलेल्या. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. प्रश्न थोरलीला तोंडपाठ होते, त्यांचा क्रमसुद्धा. चौथा प्रश्न आला, मुलांना शिस्त कशी लावायचात, आणि बाबांनी मान वर केली.

"मारायचो."

"कशानं?"

"पट्ट्यानं. तपकिरी पट्टा होता. पितळी बकल. बकलाच्या बाजूनं नाही मारायचो, एकदाच चुकून लागलं." बाबांनी चष्मा सारखा केला. "मारायच्या आधी दाराची कडी लावायचो. धाकटीला जास्त बसायचा, कारण ती रडायची नाही. रडली नाही की मला जास्त राग यायचा."

थोरली ऐकत राहिली. बाबांनी जन्मात पट्टा वापरला नव्हता. त्यांच्या लेंग्याला नाडी असे. मग हे सगळं आलं कुठून? आणि मग तिच्या लक्षात आलं. दर रविवारी ती जेवायला माहेरी जायची आणि आठवड्यात टाइप केलेलं, नावं गाळून, काहीबाही सांगायची. चिमी कान देऊन ऐकायची. बाबा ताटात बघत जेवत असायचे. कडी, पितळी बकल, रडली नाही म्हणून जास्त. तीन वेगवेगळ्या बापांच्या गोष्टी बाबांनी एकत्र करून स्वतःच्या अंगावर घेतल्या होत्या.

"तुम्हाला आठवतं हे?" डॉक्टरीणबाई तिच्याकडे वळल्या.

अशा वेळी खरं बोलणारं माणूस काय करतं, हे थोरलीला ठाऊक होतं. ते फार बोलत नाही. खाली बघतं. तपशील देत नाही. तिनं खाली पाहिलं. त्यासाठी मुद्दाम काही करावं लागलं नाही, मान आपसूक खाली गेली.

"हो," ती म्हणाली.

"मालक दुपारी वर झोपतात, याची बहिणीला कल्पना होती का?"

"मला माहीत नाही."

डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतलं. जाताना त्या बाबांना म्हणाल्या, "हे सांगायला धैर्य लागतं." बाबांनी हात जोडले. दार लावून थोरली आत आली तेव्हा ते खुर्चीतच होते.

"बरोबर झालं का?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"बकलाचं जास्त झालं?"

"नाही, बाबा."

अहवालाची प्रत वकीलबाईनं महिन्याभरानं दिली. थोरलीनं सरळ तिसरं पान काढलं. बालपणी घरातच अनुभवलेल्या हिंसेमुळे आरोपीच्या भावनिक जडणघडणीवर दूरगामी परिणाम झाला, दडपलेला क्रोध मूळ व्यक्तीऐवजी तिच्या जागी असलेल्या अधिकारी पुरुषाकडे वळला. हा परिच्छेद तिचाच होता. बारा-तेरा वर्षांपूर्वी तिनं डॉक्टरांच्या वाक्यांची मोडतोड करून तो बसवला होता, आणि मग तो या कार्यालयातून त्या कार्यालयात फिरत गेला असावा. एका ठिकाणी तिनं तेव्हा 'त्यामुळे' दोनदा लिहिलं होतं. तेही तसंच होतं. चुकीवर तिचं बोट थांबलं. पुसायला काही नव्हतं. तिनं पान उलटलं.

न्यायालयात गर्दी नव्हती. मालकाची बायको पहिल्या रांगेत बसली होती, मांडीवर पर्स घट्ट धरून. अहवाल वाचला जात असताना तिनं एकदा मागे वळून बाबांकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, नुसती ओळखण्याची धडपड होती. बाबांनी नजर खाली घातली नाही. आपण ज्याचं सोंग घेतलं आहे तो माणूस नजर खाली घालणार नाही, असं त्यांना वाटलं असेल.

न्यायाधीशांनी चिमीला विचारलं, काही सांगायचंय का. वकीलबाई तिच्या कानाशी लागली, पण चिमी उभी राहिली.

"बाबांनी मला कधी बोट लावलं नाही," ती म्हणाली. "माझ्या बहिणीलाही ते माहीत आहे. आणि मालक वर आहेत हे मला माहीत होतं."

दालनात कुजबुज झाली नाही, कुणी उठलं नाही. फक्त खालच्या टेबलावर न्यायालयाची लेखनिक टाइप करत होती. थोरलीला कळांचा आवाज स्पष्ट ऐकू आला. हात चांगला होता, एकही कळ अडखळली नाही.

चिमीला चौदा वर्षांची शिक्षा लागली. वकीलबाईनं कागद बॅगेत भरले आणि बाहेर जाऊन खिडकीशी उभी राहिली. खोट्या साक्षीबद्दल थोरलीला किंवा बाबांना कुणी काही विचारलं नाही. एवढ्या म्हाताऱ्या माणसाच्या नादी कोण लागणार?

सोमवारी थोरली कामावर गेली. डॉक्टरांनी तिला केबिनमध्ये बसायला सांगितलं. एरवी त्या खुर्चीत आरोपी बसत. त्यांनी काय ऐकलं होतं, काय नाही, ते चेहऱ्यावरून कळेना.

"डॉक्टर, आम्ही दोघी एकाच घरात वाढलो," ती म्हणाली. "एकाच खोलीत झोपलो. मग मी का नाही?"

डॉक्टरांनी टेबलावरचं पेन उचललं. "एक मत असं आहे, की हा प्रश्नच उलटा आहे. माणूस गुन्हा का करतो, हे विचारू नये. का करत नाही, ते विचारावं. टाकली तर, असं सगळ्यांच्याच मनात येतं. पण प्रत्येकाला काहीतरी धरून ठेवतं. घर, नोकरी, आपल्यावर अवलंबून असलेली माणसं, लाज. ती पकड सुटली की..."

"चिमीला ते सगळं होतं. घर होतं, नोकरी होती, बाबा होते."

"हो."

"लाज तर माझ्यापेक्षा जास्त होती."

"हो," डॉक्टर पुन्हा म्हणाले. त्यांनी पेन खाली ठेवलं. "आम्हाला कळत नाही, असं कितीतरी वेळा होतं. पण 'कळत नाही' असा अहवाल कोण घेणार?"

थोरली जागेवर गेली. टेबलावर तीन टेप साठल्या होत्या. तिनं पहिली लावली. एका माणसानं भावाच्या गाडीखाली... तिनं ती ऐकत ऐकत संध्याकाळपर्यंत उतरवली. परिच्छेद मात्र या वेळी कळा दाबून आणला नाही, एकेक शब्द हातानं टाइप केला. त्यानं काय फरक पडला, ते तिला सांगता आलं नसतं.

शिक्षेनंतरच्या पहिल्या भेटीला ती बाबांना घेऊन गेली. चिमीला तुरुंगाच्या शिवणखोलीत काम मिळालं होतं. नखं आता स्वच्छ होती.

"बाबा, खोटं का बोललात?"

"तुला काहीतरी कारण हवं होतं, बाळा."

"मला नको होतं. त्यांना हवं होतं." चिमीचा आवाज चढला नाही. "तुमच्याकडे बघून लोक काय म्हणत असतील?"

"काही म्हणत नाहीत. समोरच्या घरातली सून आता पोराला माझ्याकडे सोडत नाही, एवढंच."

हे थोरलीला माहीत नव्हतं. चिमीनं हात पुढे केला आणि बाबांच्या मनगटावर ठेवला. पहारेकरणीनं पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. मग चिमी थेंबांबद्दल विचारू लागली, आणि बाबांनी संध्याकाळचा थेंब रोज घालतो म्हणून थाप मारली.

परतीच्या बसमध्ये जागा मिळाली. दुपारचं ऊन काचेतून बाबांच्या गुडघ्यांवर पडलं होतं. दोन थांबे गेले, तिसरा गेला.

"एकदा मारलं होतं मी," बाबा एकदम म्हणाले.

"बाबा, झालं आता ते. ते खोटं होतं."

"ते खोटं. हे खरं. एकदाच. तुला मारलं होतं, तिला नाही. तू सात-आठ वर्षांची असशील. गालावर."

थोरलीनं त्यांच्याकडे पाहिलं. ते थापा मारतात तेव्हा चष्म्याशी चाळा करतात. आता हात मांडीवर स्थिर होते.

"कशासाठी?"

"ते आठवत नाही. तू बघत राहिलीस, तेवढं आठवतं. मग मी कामावर गेलो. दिवसभर तिथं एकही भिंग धड उतरलं नाही."

थोरलीनं आठवून पाहिलं. सात वर्षांची ती, तेव्हाचं घर, हिरव्या फळ्यांचं दार, अंथरुणात गुरफटून झोपलेली चिमी. सगळं स्वच्छ दिसलं. थप्पड कुठंच सापडली नाही. ती झालीच नव्हती, की बाबांनी सांगून सांगून स्वतःलाच पटवून घेतली होती, की खरंच झाली होती आणि तिच्यात कुठंतरी नीट ठेवलेली होती, हे ठरवायला तिच्याजवळ काहीच साधन नव्हतं.

"लागलं होतं का गं?" बाबांनी विचारलं.

बाबा उत्तराची वाट बघत होते, चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, कान तिच्याकडे करून.

"थोडंसं," ती म्हणाली.

बाबांनी मान हलवली. थांबा आला. पायऱ्या उंच होत्या. ती आधी उतरली, वळली आणि दोन्ही हात त्यांच्याकडे वर केले.